लोकमान्यांचा नित्यनेम



आपल्या संप्रदायात नेम हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. गळ्यात तुळशीची माळ पडली की तिच्याबरोबर नेम आलाच. रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी. माळ घालून घेणारा मनुष्य हात जोडून उभा राहतो तेव्हा तो कुठलीही मोठी विद्या मागत नाही. अमुक एक गोष्ट मी रोज करीन, मन असो वा नसो करीन, एवढेच तो कबूल करतो. परमार्थाची सगळी इमारत या रोज शब्दावर उभी आहे.

मात्र हा नेम आपण देवघरापुरता ठेवला, देहापर्यंत नेलाच नाही. देह नाशिवंत आहे, असे कीर्तनात सांगून सांगून आम्ही कीर्तनकारांनीच लोकांचा असा ग्रह करून दिला की देहाची हेळसांड करणे हेच वैराग्य. हा अपराध माझाही आहे आणि त्याची शिक्षाही मला मिळाली आहे. ती गोष्ट आधी सांगतो, मग मूळ विषयाकडे वळतो.

तीन वर्षांपूर्वीची आषाढी वारी. माउलींची पालखी पुण्याहून सासवडच्या वाटेला लागली आणि दिवे घाट आला. तीस वर्षे हा घाट मी अभंग म्हणत चढत आलो होतो. त्या दिवशी अर्ध्या घाटातच अशी धाप लागली की अभंग तोंडात राहिला. दिंडीतल्या पोरांनी दोन्हीकडून धरले आणि सामानाच्या ट्रकात नेऊन बसविले. विणेकरी पुढे निघून गेले. मी आपला पातेल्यांच्या आणि वळकट्यांच्या मधे बसून सासवडला पोचलो. तिथे एका तरुण डॉक्टराने रक्त तपासले, तर साखर भलतीच वाढलेली. रोज किती चालता, असे त्याने विचारले. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले की मी आळंदीहून पंढरपुरापर्यंत पायी जाणारा माणूस आहे. तो शांतपणे म्हणाला, की ते वर्षातले वीस दिवस झाले, बाकीच्या दिवसांचे सांगा. सज्जनहो, पाठशाळेत असताना मी पुष्कळ शास्त्रार्थ केले, भल्याभल्यांना निरुत्तर केले. पण त्या पोराच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

घरी आल्यावर महिनाभर कीर्तने बंद ठेवावी लागली. पडल्या पडल्या लोकमान्य टिळकांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. विद्यार्थिदशेत ते मी देशभक्ताचे चरित्र म्हणून वाचले होते. या खेपेला तेच चरित्र आजारी माणसाच्या डोळ्यांनी वाचले, आणि पूर्वी नजरेतून निसटलेली एक गोष्ट ठळक दिसली. ती आपल्यापुढे मांडतो.

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्हींत जाणते. आई पार्वतीबाई व्रतस्थ बाई. मुलगा व्हावा म्हणून तिने सूर्याची कडक उपासना केली, अशी कथा चरित्रकार सांगतात. मुलगा झाला तो बुद्धीने तल्लख, पण अंगाने किरकोळ. गंगाधरपंतांनी त्याला लहानपणापासून श्लोक पाठ करायला लावले आणि एका श्लोकाला एक पै असे बक्षीस ठेवले, असे सांगतात. एक पै म्हणजे किती? रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. पण रोज एक पै म्हणता म्हणता पोराची गाठ भरते, आणि पैशांच्या गाठीबरोबर डोक्यातली गाठही भरते, हे त्या शिक्षक बापाने ओळखले होते. आमच्या पाठशाळेत पै मिळत नसे, छडी मिळे. पण तत्त्व तेच. आजचा श्लोक आजच पाठ झाला पाहिजे.

१८६६ मध्ये गंगाधरपंतांची बदली पुण्याला झाली आणि लवकरच आई गेली. बाळ तेव्हा दहा वर्षांचा. १८७१ मध्ये लग्न झाले. मुलगी कोकणातलीच, सासरी तिचे नाव सत्यभामाबाई ठेवले. पुढच्या वर्षी, १८७२ च्या ऑगस्टमध्ये, वडीलही गेले. सोळाव्या वर्षी मुलगा पोरका झाला. डोक्यावर हात ठेवायला एक चुलते तेवढे राहिले. अशा स्थितीत तो मॅट्रिक झाला आणि १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

आता इथे थोडे थांबू. आई नाही, बाप नाही, घरी लग्नाची बायको, हाताशी वडिलांनी मागे ठेवलेली थोडी पुंजी. अशा मुलाला कोणीही शहाणा माणूस काय सांगेल? बाबा रे, पुस्तकात डोके घाल, झटपट पास हो, नोकरीला लाग. आणि या मुलाने काय केले? कॉलेजातले पहिले वर्ष त्याने पुस्तकाला नव्हे, शरीराला दिले.

कारण असे झाले. सोबतचे विद्यार्थी त्याच्या काटकुळ्या शरीराची थट्टा करीत. बायकोची प्रकृती नवऱ्यापेक्षा चांगली, यावरूनही चेष्टा होई, असे सांगतात. थट्टा तर प्रत्येकाच्या वाट्याला येते. कोणी चिडतो, कोणी रडतो, कोणी हसून सोडून देतो. टिळकांनी तिचा हिशोब केला. आपल्याला पुढे जे काही करायचे आहे, त्याला हे शरीर पुरणार नाही, हे त्यांनी मनाशी मान्य केले. आणि एकदा मान्य केल्यावर उपाय उद्यावर ढकलला नाही.

डेक्कन कॉलेज येरवड्याला, मुळा-मुठेच्या काठी. टिळकांचा दिवस आता तालमीत उजाडू लागला. जोर, बैठका, कुस्ती. नदीला पाणी असले की पोहणे, होडी वल्हवणे. दूध भरपूर, जेवण पोटभर आणि पचेल असे. वर्गातल्या हजेरीची फारशी पर्वा नाही. आज उत्साह आहे म्हणून शंभर जोर आणि उद्या कंटाळा आला म्हणून एकही नाही, असला प्रकार नव्हता. सूर्य उगवतो तसा हा नेम रोज उगवायचा.

त्या काळी विद्यार्थ्यांत शिशीतल्या विलायती औषधांचे वेड होते. कोणाला शक्तीचे औषध लागे, कोणाला झोपेचे, कोणाला भुकेचे. सोबत्यांच्या असल्या शिश्या टिळक सरळ खिडकीतून बाहेर भिरकावीत आणि मालकाला ओढत तालमीत नेत, अशी आठवण चरित्रांत येते. त्यांच्या सडेतोड आणि काहीशा द्वाड स्वभावावरून मित्रांनी त्यांना टोपणनावेही ठेवली होती. मी हे वाचले तेव्हा माझ्या उशाशी चार डब्या होत्या. मनात म्हटले, आज टिळक असते तर माझ्या खिडकीखाली काय ढीग पडला असता! (गैरसमज नको. डॉक्टरने दिलेली गोळी मी घेतो आणि आपणही घ्यावी. पण गोळी घेतली म्हणजे चालणे चुकले, असे मानू नये.)

वर्ष संपले. परीक्षेत यश आले नाही. लोकांच्या दृष्टीने वर्ष फुकट गेले. चुलत्यांना काय वाटले असेल आणि सासरच्या मंडळींत काय कुजबूज झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण त्या वर्षात काटकुळ्या मुलाचा पिळदार तरुण झाला होता. मग त्याने पुस्तकाकडे तोंड वळविले, आणि जो निश्चय तालमीत होता तोच तिथे लावला. १८७६ मध्ये गणित विषय घेऊन बी. ए. ला पहिला वर्ग मिळविला, १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली.

यात एक खुबी आहे, ती लक्षात घ्यावी. टिळकांनी दहा नेम एका दिवशी धरले नाहीत. आपले काय होते? गुढीपाडव्याला मनुष्य ठरवतो की उद्यापासून पहाटे चारला उठेन, तासभर चालेन, गोड सोडेन, तंबाखू सोडेन, ज्ञानेश्वरीचा अध्याय वाचीन. आठ दिवसांत सगळा डोलारा खाली बसतो आणि मनुष्य म्हणतो की माझ्या नशिबातच नेम नाही. टिळकांनी एक वर्ष एकच गोष्ट धरली. ती अंगवळणी पडली, तिला ढकलावे लागेनासे झाले, मग दुसरी हाती घेतली. अंगवळणी हा शब्दच पाहा ना किती शहाणा आहे! वाकवत वाकवत अंगालाच वळण लागते, मग मनाला दर दिवशी पंचायत भरवावी लागत नाही.

पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. कायद्याच्या अभ्यासासाठी कॉलेजात राहिलेले असताना गोपाळराव आगरकरांशी मैत्री जमली. १ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८१ च्या आरंभी केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघांनाही तुरुंगवास झाला, तो डोंगरीच्या तुरुंगात भोगला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. शिकवणे, लिहिणे, सभा, वाद, खटले. १८९० मध्ये सोसायटी सोडली, तरी काम कमी झाले नाही. १८९३ मध्ये वेदांच्या काळासंबंधीचा ओरायन हा ग्रंथ निघाला. एका माणसाच्या हातून इतके काम होते तेव्हा लोक त्याच्या बुद्धीची वाहवा करतात. ते काम पेलणाऱ्या छातीची आणि खांद्यांची आठवण कोणाला होत नाही.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगाने कहर केला. पुष्कळ माणसे गाव सोडून गेली. टिळक शहरात राहिले आणि रोग्यांसाठी हिंदूंचे इस्पितळ उघडण्यात पुढे झाले. त्याच साली राजद्रोहाचा खटला होऊन सप्टेंबरात दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगातले अन्न म्हणजे कांदा-लसूण घातलेले कालवण आणि जाडीभरडी भाकरी. कालवण त्यांना चालत नसे. कोरडी भाकरी पाण्यात भिजवून खाऊन दिवस काढले, असे सांगतात. वजन झपाट्याने उतरले, अंग खंगले. शेवटी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवले होते. सज्जनहो, येरवड्याचेच डेक्कन कॉलेज, आणि येरवड्याचाच तुरुंग! ज्या परिसरात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने घाम गाळून शक्तीची पुंजी साठविली, त्याच परिसरात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती खर्चावी लागली. १८९८ च्या सप्टेंबरात सुटका झाली तेव्हा शरीर पार कृश झाले होते. सिंहगडाच्या हवेत राहून त्यांनी ते पुन्हा सावरले. पुंजी होती म्हणून सावरले. कणगी मुळातच रिकामी असती तर?

आता खरी कसोटी सांगतो. २४ जून १९०८ ला मुंबईत अटक झाली आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. काही दिवस साबरमतीला ठेवून सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेले. या वेळी शरीरात मधुमेह शिरलेला होता. आज मधुमेहावर इन्सुलिन आहे. ते माणसाला पहिल्यांदा टोचले गेले १९२२ मध्ये, म्हणजे लोकमान्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मंडालेत त्यांच्यापाशी मधुमेहावर खात्रीचे औषध एकच होते, आपले स्वतःचे जेवण. तिथली कोठडी लाकडाची. भिंतींना फटी, त्यांतून उन्हाळ्यात धूळ आणि झळा, थंडीत बोचरा वारा. घर समुद्रापार. माणूस बोलायला नाही. स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी, तेवढीच काय ती सोबत.

अशा ठिकाणी बावन्न वर्षांचा आजारी माणूस काय करील? दिवस मोजील. भिंतीकडे पाहत बसेल. टिळकांनी तिथे दिनचर्या बसविली. पहाटे उठून ध्यान-चिंतन. मग मुखमार्जन, वाचन. स्नान, संध्या. ठरल्या वेळी जेवण. दुपारी पुन्हा वाचन आणि लेखन. आवारात फेऱ्या मारणे. रात्री वेळेवर अंथरूण. जेवणात मापाबाहेर काही नाही. साखर सोडली, भात-गहू टाळून जवाच्या पदार्थांवर राहिले. जिभेला रुचणारी गोष्ट सणावाराला सोडणे आपल्याला जड जाते. यांनी ती वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसताना सोडली. एकांतातला नेम हा खरा नेम. मंदिरात सगळेच डोळे मिटतात.

तालीम तिथे नव्हती, नदी नव्हती, होडी नव्हती. म्हणजे येरवड्याच्या नेमातली एकही गोष्ट जशीच्या तशी उरली नव्हती. पण वेळच्या वेळी, मापाने, रोज, ही जी त्यातली ओढ होती ती उरली होती. आपल्याकडे कित्येकांचा नेम जागेला बांधलेला असतो. गावी असलो तर हरिपाठ, लेकीकडे मुंबईला गेलो की सुटला. घरच्या अंगणात चालणे, पावसाळा लागला की बंद. लोकमान्यांचा नेम त्यांच्याबरोबर ब्रह्मदेशात गेला.

त्या कोठडीत त्यांनी काय काय केले पाहा. हिंदुस्थानातून पुस्तके मागवीत मागवीत मोठा ग्रंथसंग्रह जमविला. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषा पुस्तकांवरून स्वतः शिकले. पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा! आमच्यात चाळिशीतला विद्यार्थी म्हणतो की आता पाठांतर होत नाही. त्याला माझे सांगणे आहे की पाठांतर होत नाही हे खरे नसून, रोज होत नाही हे खरे आहे. आणि मग नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाचएक महिन्यांत त्यांनी गीतारहस्य लिहून काढले. शाई मिळत नव्हती, शिसपेन्सिलीने लिहिले. सुटे कागद मिळत नव्हते, पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत लिहिले. वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे वाचून, टिपून, मनात मुरवून ठेवले होते, म्हणून ते पाच महिन्यांत कागदावर उतरले. लोणचे बरणीतून काढायला क्षण लागतो, मुरायला पावसाळा जावा लागतो.

गीतारहस्यात लोकमान्यांनी कर्मयोग हे गीतेचे तात्पर्य ठरविले. तुकोबारायांच्या अभंगांचे आधार त्यांनी जागोजाग घेतले आहेत. भक्तीला आणि संन्यासाला त्यांनी जी जागा दिली आहे, तिथे माझे त्यांच्याशी सगळे जमते असे नाही, आणि ते इथे उगाळण्याचे कारणही नाही. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याला आहार, विहार, झोप आणि जागरण या चारांचे माप सांगितले आहे. फार खाणाराला योग नाही, आणि मुळीच न खाणारालाही नाही. आपल्या माउलींनीही त्या ठिकाणी मापाचीच गोष्ट विस्ताराने सांगितली आहे. या श्लोकांवर मी किती वेळा निरूपण केले असेल! तेही रात्री साडेअकराला, आणि वर यजमानाकडे पुरणपोळी हाणून. मंडालेच्या कैद्याने त्या श्लोकांवर निरूपण केले ते आपल्या ताटात.

१९१२ च्या जूनमध्ये पुण्याला सत्यभामाबाई गेल्या. बातमी मंडालेला पोचली. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचे दर्शन नाही. ज्या माउलीच्या चांगल्या प्रकृतीवरून कधी त्यांची थट्टा झाली होती, ती आधी निघून गेली. त्या दिवशी त्यांच्या मनात काय झाले असेल ते आपण कल्पनेने रंगवू नये. एवढे खरे की त्यानंतरही दोन वर्षे तुरुंग होता, आणि ती दोन वर्षे त्यांनी मोडून पडू न देता पार पाडली. दुःख येते तेव्हा नेम दुःखाला घालवीत नाही. तो माणसाला धरून ठेवतो. उद्या पहाटे उठून अमुक करायचे आहे, एवढा एक धागा हातात असला तर अंधारातही पाऊल पडते. आपल्या गावात पाहा, जवान मुलगा गेलेली म्हातारी दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालते. लोक म्हणतात, बाई कठोर आहे. ती कठोर नाही हो. त्या तांब्याने तिला उभी ठेवलेली असते.

१९१४ च्या जूनमध्ये मध्यरात्री पुण्याला आणून सरकारने त्यांना सोडले. गीतारहस्याच्या वह्या काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिल्या. त्या परत मिळतील की नाही, अशी शंका मित्रांना आली. लोकमान्यांना तिची फिकीर नव्हती. वह्या न मिळाल्या तर सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढण्याची त्यांची तयारी होती. श्लोकामागे पै घेणाऱ्या मुलाची ती धारणाशक्ती साठीच्या उंबरठ्यावर शाबूत होती. वह्या परत आल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. पुढच्या वर्षी होमरूलची चळवळ, लखनौचा करार. १९१८ च्या अखेरीस विलायतेचा प्रवास, तिथे वर्षभर मुक्काम. मधुमेह घेऊन हे सगळे चालले होते. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. वय चौसष्ट.

इथे कोणी म्हणेल, एवढा नेम पाळून चौसष्टच ना? प्रश्न रास्त आहे, तो टाळू नये. नेम म्हणजे अमरपट्टा नव्हे. लोकमान्यही माणूस होते. सुपारीची सवय त्यांना जडलेली होती, म्हणजे सवय जशी तारते तशी ती खोडही होऊन बसते, हे त्यांच्याही बाबतीत खरे. मंडालेहून सुटल्यावर दौरे, सभा, खटले यांत विसावा असा मिळालाच नाही. पण हिशोब असा मांडावा. १८७३ चे एक वर्ष त्यांनी दिले. त्या एका वर्षाच्या पुंजीवर आणि पुढे राखलेल्या नेमावर त्यांनी तीन तुरुंगवास, एक जीवघेणा रोग आणि सत्तेचाळीस वर्षांचे काम पेलले. ज्या वर्षाला लोकांनी फुकट गेलेले वर्ष म्हटले, ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कामाला आलेले वर्ष होय. संकट सांगून येत नाही आणि संकट आल्यावर तालीम करायला सवड देत नाही. नेम लावायचा तो सुखाच्या दिवसांत, निरोगी असताना, कोणी सक्ती करीत नसताना. विहीर पावसाळ्याआधी खणावी लागते.

आता माझे काय झाले ते सांगून पुरे करतो. लोकमान्यांची तालीम मला या वयात झेपणारी नाही. मी एकच गोष्ट धरली. पहाटे काकडा झाल्यावर गावच्या वेशीपर्यंत जाऊन यायचे, आणि तेवढ्या वेळात हरिपाठ म्हणायचा. हरिपाठाचा नेम जुना होता, त्याच्या बोटाला धरून चालण्याचा नवा नेम उभा राहिला. पहिले दोन महिने रोज मनाशी भांडण झाले. एकदा पाऊस, एकदा पाहुणे, एकदा रात्रीच्या कीर्तनाचे जागरण. तीन वेळा नेम मोडला. पूर्वी मी मोडला म्हणजे संपला असे समजत असे. या खेपेला दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. पाच-सहा महिन्यांनी कधी भांडण थांबले ते कळलेही नाही. मग रात्रीचे जेवण लवकर केले. कीर्तनानंतरचे यजमानाचे पक्वान्न हात जोडून नाकारू लागलो. काही यजमान रुसले, मग तेही सरावले. एकादशीला उपास या नावाखाली साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे यांचा जो दुप्पट खाशी प्रकार चालायचा, तोही आवरला.

गेल्या आषाढीत दिवे घाट लागला तेव्हा ट्रकवाल्या पोराने गाडी हळू करून माझ्याकडे पाहिले. मी त्याला पुढे जायला खुणावले. हळूहळू चढलो, दोनदा टेकलो, पण पायांनी चढलो आणि अभंगही तोंडात राहिला. यात माझा पराक्रम काही नाही. रोजची वेशीपर्यंतची खेप होती, तीच घाटात उभी राहिली.

तेव्हा सज्जनहो, पंढरीची वाट वर्षातून एकदा चालायची असते, हे खरे. पण तिची तयारी आपल्या दारापासून वेशीपर्यंत रोज करायची असते. विठोबाने दोन्ही कर कटेवर ठेवून अठ्ठावीस युगे एका विटेवर उभे राहण्याचा नेम धरला आहे. त्याच्या भेटीला जाणाराने निदान तासभर पायांवर उभे राहण्याचा, चालण्याचा नेम धरावा. देह नाशिवंत आहे, यात शंका नाही. पण वारी याच देहाने होते, टाळ याच हातांनी वाजतो आणि नाम याच जिभेने घेतले जाते. त्या देहाला पोसू नये, पण टाकूही नये. त्याला नेम द्यावा.

माझे वेडेवाकुडे बोल गोड करून घ्यावेत. उद्याच्या पहाटेपासून एकच लहान गोष्ट धरावी आणि ती सोडू नये, एवढीच वाचकांच्या चरणी विनंती.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.